दोन बोटं जागा

पानाच्या डोक्यावर दोनच अक्षरं, क आणि ल,
लाल शाईत, शेपट्या लांब ओढलेल्या.
तिकडं एवढ्यावर नवं वर्ष उघडतं.
मला मात्र मधे एक काना घालायचा मोह होतो.
काल होईल,
आणि मग वर्षाबद्दल आणखी काही लिहायला नको.

कोल्कूला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तो तळ्यातल्या बेटावर, दगडी खोपटात,
बोटं काखेत धरून ऊब येईतो थांबायचा
आणि मग लिहायचा:
रोवार्तख, मठाधिपती, विसावला.
कोनिंग, राजा, मारला गेला, सख्ख्या भावाकडून.
साधू विसावतात, राजे मारले जातात.
तिसरं क्रियापद त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
म्हणून पलीकडच्या काठावरची सोळा माणसं
खोकून खोकून गेली ती
‘माणसांवर मोठा खोकला’
एवढ्या तीन शब्दांत पुरली.

जन्म तो लिहीत नसे.
कुणाचा लिहायचा?
पोराचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात;
राजाच्या पोराचे दिसतात, तेही तो राजा झाल्यावर.
कोल्कू धोरणी. ओळीच्या शेवटी
दोन बोटं जागा सोडायचा.
पुढं कुणी नाव काढलंच
तर कुणीतरी वेगळ्या शाईनं, मागं येऊन लिहील:
या वर्षी हा जन्मला.

त्याच वर्षी, थंडी सरता सरता,
गुराखीण लान्न गोठ्यातच बाळंत झाली
आणि कुडापलीकडं कानतुटकी गाय व्याली.
कण्हतंय कोण ते कळेना,
दिवा घेऊन मी आधी गाईकडंच धावलो,
असं तिचा नवरा पुढं हसत सांगायचा
आणि लान्न दर वेळी उठून जायची.

लान्नला मुलगी.
गाईला गोऱ्हा, पांढरा,
उन्हाळ्यात पाठीवर गोमाशी बसली तेवढाच डाग.

पानगळीत मठातून निरोप आला, कातडं हवं.
वर्ष लिहायचं तर कशावर तरी लिहायला हवं.

चुन्यात जाण्याआधी ते एक दिवस कुंपणावर होतं.
गाय आली. हुंगलं तिनं.
मग चाटत राहिली, पाठीकडून, नेहमीसारखी,
आणि तिला पान्हा फुटला.

लान्न धावली, लाकडी भांडं खाली धरलं.
वाया कसं जाऊ द्यायचं?
खोकला उतरला तरी तिच्या अंगावर दूध राहिलं नव्हतं.
तीन दिवस कातडं तिनं चुन्यापासून लपवलं.
मठातून दुसरा निरोप आला, मग तिसरा.
तेवढ्यात गाईला भांड्याची सवय झाली,
मुलीनं हिवाळा काढला.

याची ओळ नाही.
असती तर कोल्कूनं कुठलं क्रियापद घातलं असतं?
गोऱ्हा विसावला, हे खरं नव्हे.
मारला गेला म्हणावं, तर तो मान राजांचा.

पण पान उजेडाकडं धरलं की दिसतात
केसांची बारीक मुळं,
रोवार्तखच्या नावाखालून वाहत गेलेली एक शीर,
आणि गोमाशीचं भोक, मसुराएवढं.
कोल्कूनं त्याला वळसा घातलाय:
‘सख्ख्या’ अलीकडं, ‘भावाकडून’ पलीकडं.

दोन बोटं जागा कोरीच आहे.
मागं येऊन कुणी काही लिहिलं नाही.
मीही लिहिणार नाही; लान्न हेसुद्धा
मीच ठेवलेलं नाव, आणखी एक ठेवायचा धीर होत नाही.

मी भोकाला डोळा लावतो.
खालच्या पानावरचं काहीतरी लाल दिसतं.
क असावा.